बाळाला दूध ओढता येत नाही? बोलण्याची वाट पाहू नका

‘काऊन घाई करता, बोलीन तो. त्याचा बापही उशिरानंच बोलला होता.’ अकोट, तेल्हारा भागात दोन-अडीच वर्षांचे लेकरू बोलत नसले, की घरातली वडीलधारी माणसे आईला असा धीर देतात. धीर देण्यामागे मायाच असते. पण त्या धीरात महिने निघून जातात. तीन-साडेतीन वर्षांनी अंगणवाडीतल्या ताई किंवा डॉक्टर ‘स्पीच थेरपिस्टला दाखवा’ म्हणतात, तेव्हा कुठे अकोल्याची वाट धरली जाते.

तिथे पहिला प्रश्न ऐकून आई-वडील चकित होतात. ‘हा जन्मल्यावर दूध कसे प्यायचा?’ बोलण्यासाठी आणलेल्या मुलाच्या दुधाची चौकशी कशाला, असे त्यांना वाटते. मग हळूहळू आठवते. पहिले दोन महिने हा अंगावर धरतच नव्हता. एकेका पाजण्याला पाऊण तास लागायचा. दुधासोबत ठसका लागायचा. वरचे खाणे सुरू केले तर प्रत्येक घास बाहेर. प्रत्येक उशिरा बोलणाऱ्या मुलाची गोष्ट अशी असते असे नाही. पण ज्यांची असते, त्यांच्या बाबतीत खूण पहिल्या महिन्यातच दिसलेली असते. ती कुणाला दाखवायची, एवढेच घराला ठाऊक नसते.

वाचा उपचारतज्ज्ञ, म्हणजेच स्पीच थेरपिस्ट, हा फक्त तोतरेपणा घालवणारा किंवा ‘र’चा उच्चार शिकवणारा माणूस नाही. बाळाचे चोखणे, गिळणे, चावणे, ऐकणे आणि त्यातून पुढे येणारे बोलणे, हे सगळे त्याच्या अभ्यासाचे विषय आहेत. कारण ओठ, जीभ, टाळू, जबडा आणि घसा हे अवयव आधी दुधासाठी कामाला लागतात आणि नंतर शब्दांसाठी.

चोखा, गिळा, श्वास घ्या

दूध पिणे आपल्याला सोपे वाटते. नवजात बाळासाठी ते सर्वांत कष्टाचे काम असते. वीसहून अधिक स्नायू एका लयीत चालावे लागतात. बाळ चोखते, गिळते आणि श्वास घेते. गिळण्याच्या क्षणी श्वास थांबतो, श्वासनलिकेचे तोंड बंद होते आणि दूध अन्ननलिकेत जाते. साधारण सेकंदाला एकदा हे चक्र फिरते. ताल चुकला तर दूध श्वासाच्या वाटेला लागते आणि ठसका बसतो.

या कामाची तयारी पोटातच सुरू होते. गर्भ तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासूनच गर्भजल गिळायला लागतो. पण चोखणे, गिळणे आणि श्वास यांचा मेळ बसायला गर्भाचे ३२ ते ३४ आठवडे व्हावे लागतात आणि तो पक्का व्हायला आणखी काही आठवडे जातात. म्हणूनच सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेली बाळे अंगावर नीट ओढू शकत नाहीत. आईला दूध कमी आहे किंवा बाळ आळशी आहे, असा त्याचा अर्थ नसतो. त्याच्या मेंदूत तो ताल अजून बसायचा असतो.

जगात साधारण दहापैकी एक बाळ दिवस भरण्याआधी जन्मते. २०२० मध्ये अशा बाळांची संख्या सुमारे १ कोटी ३४ लाख होती आणि त्यांत सर्वाधिक भारतातली होती. या बाळांना सुरुवातीला नळीने दूध द्यावे लागते. नळीवरून अंगावर येण्याच्या या टप्प्यात स्पीच थेरपिस्टचे काम मोठे असते. बाळाला आईच्या उघड्या छातीशी कांगारूसारखे धरणे, दूध पिळून काढल्यावर रिकाम्या स्तनाशी चोखायला लावणे, दर काही घोटांनंतर थांबून श्वास घेऊ देणे, बाळ थकल्याची खूण ओळखणे, हे आईला शिकवले जाते. नुसते चोखायला मिळालेली अशी बाळे नळीवरून लवकर सुटतात आणि रुग्णालयातून लवकर घरी जातात, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यांत दिसून आले आहे.

ग्रहणाचा दोष नव्हे

ओठ किंवा टाळू फाटलेले बाळ जन्मले की घरात पहिला प्रश्न आईला विचारला जातो: ‘ग्रहणात काही चिरलं होतं काय?’ ग्रहणाचा याच्याशी काहीही संबंध नाही. गर्भाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत ओठाचे आणि टाळूचे भाग एकमेकांना जोडले जातात. ती जोडणी अपुरी राहिली की फट उरते. जगात साधारण सातशे बाळांत एकाला हा दोष असतो. आईचा यात काही अपराध नसतो.

फक्त ओठाला फट असलेली अनेक बाळे थोड्या मदतीने अंगावर पिऊ शकतात. टाळूला फट असेल तर मात्र अडचण मोठी असते. पोकळ नळीला भोक पडल्यावर जसे पाणी ओढले जात नाही, तसे या बाळाच्या तोंडात ओढ तयारच होत नाही. बाळ तासभर छातीशी असते, चोखत राहते, थकून झोपते. पोटात मात्र थोडेच गेलेले असते. वजन घसरते आणि वजन नाही म्हणून शस्त्रक्रिया लांबते.

इथे पहिल्या आठवड्यातली मदत निर्णायक ठरते. बाळाला आडवे न धरता जवळपास बसते धरणे, काढलेले दूध वाटी-चमच्याने, बोंडल्याने किंवा हलके दाबता येणाऱ्या खास बाटलीने देणे, मध्ये मध्ये ढेकर काढणे, एवढ्यानेही वजन वाढू लागते. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांत आणि टाळूची बहुधा नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान केली जाते. टाळू शिवल्यानंतरही काम संपत नाही. बोलताना हवा नाकातून जाणे आणि शब्द गेंगाणे येणे यासाठी पुढे वाचा उपचार लागू शकतात. अशा मुलांच्या कानांत वारंवार पाणी साचते, म्हणून ऐकण्याची तपासणीही करत राहावी लागते.

पायावर आडवे घेऊन पाजताना

वऱ्हाडात बाळाला न्हाऊ-माखू घालणारी आजी पाय लांब करून त्यावर बाळाला आडवे घेते आणि तसेच घुटी किंवा औषध पाजते. बाळ तोंड उघडत नसेल तर नाक दाबून चमचा ओतला जातो. निरोगी बाळ यातून बहुधा निभावून जाते, पण ही पद्धत कुणासाठीच सुरक्षित नाही. ज्या बाळाचे गिळणे कच्चे आहे, त्याच्यासाठी तर ती धोक्याची आहे. मान मागे पडली की श्वासनलिका उघडी राहते आणि पातळ पदार्थ थेट फुप्फुसात उतरू शकतो. नाकात तेल सोडण्याची सवयही याच कारणासाठी सोडायला हवी. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय घुटी, मध, पाणी यांतले काहीच लागत नाही. डॉक्टरांनी सांगितलेले औषध तेवढे अपवाद.

जन्मताना उशिरा रडलेल्या, झटके आलेल्या किंवा पुढे सेरेब्रल पाल्सीचे निदान झालेल्या मुलांत गिळण्याची अडचण नेहमी आढळते. पाजताना खोकला येणे, पाजल्यानंतर घशात घरघर होणे, डोळ्यांत पाणी येणे, ओठ निळसर पडणे आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होणे, या त्याच्या खुणा. घरात मात्र याला ‘पोराची छाती भरते, थंडी लागते’ असे म्हणतात. दरवेळी औषध दिले जाते, पण मूळ कारण दूध पाजण्याच्या पद्धतीत आहे, याकडे लक्ष जात नाही.

थेरपिस्ट आधी बाळाला पाजताना पाहतो. मग बसण्याची पद्धत बदलतो: डोके सरळ, हनुवटी किंचित छातीकडे, पाठीला आधार. कधी चमचा लहान करतो, कधी दोन घोटांमध्ये थांबायला सांगतो, कधी पातळ पदार्थ थोडा दाट करायला सांगतो. दाट करण्याचा निर्णय मात्र घरच्या घरी घ्यायचा नसतो. लहान बाळांत, विशेषतः दिवस भरण्याआधी जन्मलेल्यांत, तो बालरोगतज्ज्ञाला विचारूनच घेतात.

मिक्सरमधला घास किती दिवस?

सहा महिने पूर्ण झाले की आईच्या दुधासोबत वरचे खाणे सुरू होते. वरण-भात, मुगाच्या डाळीचे घट्ट वरण, ज्वारीच्या मऊ शिजवलेल्या कण्या, कुस्करलेले केळे, हे आपल्याकडचे उत्तम पदार्थ आहेत. सुरुवातीला बाळ घास जिभेने बाहेर ढकलते. ते नावड म्हणून नव्हे. चमच्यावरचे खायला जीभ अजून शिकत असते. दहा-बारा वेळा देऊन पाहिल्यावर तोच पदार्थ बाळ आवडीने खाऊ लागते.

चूक होते ती पुढे. घशात अडकेल या भीतीने वर्ष-दीड वर्ष सगळे मिक्सरमधून पातळ करून दिले जाते. चावण्याची सवय लागण्याचे दिवस त्यात निघून जातात. ज्या मुलांना नऊ-दहा महिन्यांनंतरही गुठळीचे अन्न मिळत नाही, त्यांना पुढे खाण्याच्या अडचणी जास्त येतात, असे मोठ्या पाहण्यांत दिसले आहे. म्हणून आठव्या-नवव्या महिन्यापासून पेजेऐवजी हाताने कुस्करलेला भात आणि वर्षाच्या आसपास दुधात भिजवलेल्या भाकरीचा लहान घास द्यायला हवा. शेंगदाणे, फुटाणे, हरभरे यांसारखे टणक दाणे मात्र लहान मुलांना अख्खे देऊ नयेत.

मोबाइल दाखवून भरवणे ही आता खेड्यातल्या घरातलीही नेहमीची गोष्ट झाली आहे. मूल पडद्याकडे पाहत तोंड उघडते, पण काय खाल्ले, पोट भरले का, याकडे त्याचे लक्ष नसते. भरवणाऱ्या माणसाशी होणारे बोलणे त्यात हरवते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक वर्षाखालील बाळांसाठी पडदा अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको, असे सांगितले आहे.

शब्दाआधीचे बोलणे

मूल पहिला शब्द साधारण वर्षाचे होताना बोलते, पण संवाद त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. दोन महिन्यांचे बाळ आईकडे पाहून हसते. सहा ते नऊ महिन्यांत ‘बाबाबा, मामामा’ सुरू होते. वर्षाच्या आत नावाने हाक मारल्यावर ते वळून पाहते. वर्ष-सव्वा वर्षात हवी ती वस्तू बोटाने दाखवते. दोन वर्षांचे झाल्यावर ‘दूध दे’, ‘आई ये’ असे दोन शब्द जोडते. मुलांमध्ये थोडा पुढे-मागे फरक असतोच. पण बोट न दाखवणारे, नावाला न वळणारे, डोळ्यांत न पाहणारे मूल ‘बापावर गेले’ म्हणून सोडून देता येत नाही.

बोलणे उशिरा येण्यामागे पहिली शंका घ्यायची ती कानाची. जन्मतः ऐकू न येणारी बाळे हजारांत एक-दोन तरी असतात. दिसायला ती पूर्ण निरोगी असतात. ताटली पडल्यावर दचकले म्हणजे ऐकू येते, ही घरची परीक्षा फसवी आहे. हादरा लागूनही बाळ दचकते. खरी तपासणी सोपी आहे. झोपलेल्या बाळाच्या कानात लहानशी कळ बसवून काही मिनिटांत ‘ओएई’ ही चाचणी होते. शंका राहिली तर ‘बेरा’ चाचणी करतात. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार, असा जगभर मानला जाणारा क्रम आहे. श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट वेळेत झाले, तर जन्मतः बहिरे मूलही बोलायला शिकू शकते. तीन-चार वर्षांनंतर तेच काम फार अवघड होते.

दोन गैरसमज इथे दूर करायला हवेत. पहिला, ‘जीभ चिकटली आहे म्हणून बोलत नाही.’ जिभेखालचा पडदा आखूड असेल तर काही बाळांना अंगावर पिताना त्रास होतो, आणि तेव्हा तो तपासायला हवा. पण मूल अजिबात बोलत नसेल तर त्याचे कारण सहसा जीभ नसते. ती कापून आणल्यावर शब्द येतील या आशेत खरी तपासणी राहून जाते. दुसरा गैरसमज, ‘घरात दोन भाषा म्हणून गोंधळले.’ अकोट-तेल्हाऱ्यात मेळघाटातून पुनर्वसन होऊन आलेली कोरकू कुटुंबे आहेत. त्यांच्या घरी कोरकू आणि अंगणवाडीत मराठी बोलली जाते. दोन भाषांमुळे मूल मुके होत नाही. घरची भाषा बंद करण्याची गरज नसते. आईने तिच्याच भाषेत भरपूर बोलावे.

अकोटहून वाट कशी?

या सगळ्यासाठी पुण्या-मुंबईला जायला हवे असे नाही. पहिली माणसे गावातच असतात. घरी येऊन नवजात बाळाला तपासण्याची पद्धत महाराष्ट्रातच घडली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या स्त्रियांना हे काम शिकवले. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये तो देशाचा कार्यक्रम झाला. आज दवाखान्यात बाळंतपण झाले असले तरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. घरी बाळंतपण झाले असेल तर पहिल्या दिवशीही. त्या आल्या की बाळ वजन करून बाजूला ठेवू नका. त्यांच्यासमोर पाजून दाखवा आणि किती वेळ लागतो, ठसका लागतो का, ते सांगा.

दुसरा टप्पा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा. या कार्यक्रमाची सुरुवातही महाराष्ट्रातल्या पालघरमधून ६ फेब्रुवारी २०१३ रोजी झाली. जन्मतः असलेले दोष, आजार, कमतरता आणि विकासातला उशीर शोधण्यासाठी डॉक्टरांचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. दुभंगलेला ओठ-टाळू, बहिरेपणा, भाषेच्या विकासातला उशीर हे सगळे त्यांच्या यादीत आहे. पथकाने चिठ्ठी दिली की मूल जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे ज्याला रुग्णालयात सगळे डीईआयसी म्हणतात तिथे पाठवले जाते. या केंद्रांच्या रचनेतच बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ यांच्यासोबत ऐकण्या-बोलण्याचा तज्ज्ञ धरलेला आहे. कार्यक्रमातून मिळणारे उपचार मोफत असतात.

खरी अडचण त्यापुढची. अकोट ते अकोला सुमारे ४५ किलोमीटर. त्याच्याही पुढे खेड्यातून यायचे तर जाण्या-येण्यात दिवस जातो, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत तो दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. त्यामुळे पहिल्या दोन फेऱ्यांनंतर येणे बंद होते. हे टाळायचे तर एक गोष्ट समजून घ्यायला हवी. थेरपी म्हणजे थेरपिस्टने मुलावर अर्धा तास करायचे काम नव्हे. तो अर्धा तास आईला, आजीला शिकवण्यासाठी असतो. उपचार घरी, रोजच्या भरवण्यात आणि खेळण्यात होतो. म्हणून पहिल्याच भेटीत तीन गोष्टी विचाराव्यात: घरी रोज काय करायचे, ते आत्ता करून दाखवा, आणि पुढची फेरी किती दिवसांनी हवी. दिवसभर बाळ आजीजवळ राहत असेल तर आजीलाच सोबत न्यावे. मधल्या काळात फोनवर व्हिडिओ दाखवून विचारता येईल का, हेही विचारावे.

खासगी ठिकाणी जात असाल तर शिक्षण विचारण्यात संकोच नको. या तज्ज्ञाची पदवी चार वर्षांची असते. त्यातले शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे. १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी होते. महाराष्ट्रात मुंबईच्या वांद्र्यातील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत १९८३ पासून हे काम चालते. ‘पंधरा दिवसांत बोलते करू’ अशी हमी कोणताही नोंदणीकृत तज्ज्ञ देत नाही.

कधी दाखवावे?

• दोन आठवड्यांनंतरही बाळाचे वजन जन्माच्या वजनाइतके झाले नाही, किंवा नंतर वाढतच नाही.
• प्रत्येक वेळी पाजायला अर्ध्या तासापेक्षा जास्त लागतो, बाळ पिता पिता थकून झोपते.
• पाजताना ठसका, घरघर, वारंवार नाकातून दूध येणे, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया.
• नऊ-दहा महिन्यांनंतरही गुठळीचा घास घेत नाही, उलटी काढते.
• वर्षाच्या आत आवाजाला, नावाला प्रतिसाद नाही, ‘बाबाबा’ नाही.
• सव्वा वर्षाचे झाले तरी बोटाने दाखवत नाही. दीड वर्षात एकही शब्द नाही. दोन वर्षांत दोन शब्द जोडत नाही.
• येत असलेले शब्द किंवा हसणे-पाहणे कोणत्याही वयात बंद झाले.

पाजताना ओठ निळे पडले, श्वास थांबला किंवा बाळाने पिणेच सोडले, तर थेरपिस्टची वाट न पाहता तडक ग्रामीण रुग्णालय किंवा जवळचा दवाखाना गाठावा.

माता-बाल संरक्षण कार्ड बहुतेक घरांत लसीच्या तारखांसाठी जपून ठेवलेले असते. त्याच कार्डावर वजनाचा आलेख आणि विकासाचे टप्पेही छापलेले असतात. पुढच्या लसीला जाताना ती पाने उघडून नर्सताईंना दाखवावीत. बाळ त्या टप्प्यांवर असेल तर मन निवांत होईल. नसेल तर उपचार तीन वर्षांऐवजी तीन महिन्यांत सुरू होतील.